‘फॉर्मली’ कुठे लिहावे, कुठे गाळावे

गोव्यातील मोपा विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि प्रवासी विमानांची ये-जा 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाली. इंग्रजीत लिहिताना पहिल्या तारखेशी ‘द एअरपोर्ट वॉज फॉर्मली इनॉग्युरेटेड’ हे वाक्य चपखल बसते. दुसऱ्या तारखेला ‘फ्लाइट्स बिगॅन’ एवढेच पुरते, तिथे फॉर्मली घुसवले तर वाक्य बिघडते. या दोन तारखांमधले अंतर लक्षात आले की या शब्दाचे निम्मे काम समजले. एखादी गोष्ट ठरलेल्या रीतीने, अधिकार असलेल्या माणसाकडून, नोंद राहील अशा पद्धतीने झाली, एवढेच फॉर्मली सांगतो. ती प्रत्यक्षात आधी सुरू झाली होती की नंतर, मनापासून झाली की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

मराठी माध्यमातून पुढे इंग्रजीकडे गेलेल्यांची पंचाईत अशी होते की शब्दकोशात ‘औपचारिकपणे’ हा एकच अर्थ सापडतो आणि मग तो सगळीकडे चिकटवला जातो. मराठीत ‘औपचारिक’ला एक वेगळाच वास आहे. ‘आता फक्त औपचारिकता उरली आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ती बाब बिनमहत्त्वाची आहे असे सुचवतो. इंग्रजीतला फॉर्मली बहुधा उलट बाजूचा असतो, गोष्ट पक्की झाली हे सांगणारा. म्हणून पहिला सल्ला हा की डोक्यात ‘औपचारिकपणे’ऐवजी ‘रीतसर’ हा शब्द ठेवून बघा. दहापैकी सात-आठ ठिकाणी तोच बसेल.

रीतसर: कागद, तारीख, सही

या अर्थाची चाचणी सोपी आहे. जी क्रिया तुम्ही सांगत आहात तिचा कागद दाखवता येतो का? त्यावर तारीख असते का? सही किंवा शिक्का कोणाचा असतो ते सांगता येते का? तिन्हींना ‘होय’ असेल तर फॉर्मली चालेल. ग्रामसभेचे उदाहरण घ्या. डोंगर कापणीवर दोन तास वादावादी झाली, लोकांनी विरोधाच्या घोषणा दिल्या, सरपंचांनी मान हलवली. एवढ्यावर ‘द ग्रामसभा फॉर्मली ऑपोज्ड द प्रोजेक्ट’ असे लिहिता येत नाही. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळाले, तो संमत झाला आणि इतिवृत्तात उतरला, तरच ‘द ग्रामसभा फॉर्मली अडॉप्टेड अ रेझोल्युशन अगेन्स्ट द प्रोजेक्ट’. बातमीदाराने हा फरक पाळला नाही तर उद्या तेच कात्रण कोणीतरी पुरावा म्हणून पुढे करतो आणि इतिवृत्तात काहीच सापडत नाही.

फॉर्मली ज्या क्रियापदांच्या सोबतीने सहज येतो ती बहुतेक अशीच कागद निर्माण करणारी आहेत: अनाउन्स, अप्रूव्ह, अपॉइंट, अडॉप्ट, अक्सेप्ट, नोटिफाय, ऑब्जेक्ट, प्रपोज, रेकग्नाइज, रजिस्टर, रिक्वेस्ट, विथड्रॉ, हँड ओव्हर. याउलट ज्या क्रियेत मनाची अवस्था आहे तिच्याशी तो जमत नाही. ‘आय फॉर्मली नो हिम’ किंवा ‘वी फॉर्मली लाइक द प्लॅन’ ही वाक्ये इंग्रजी कानाला विचित्र वाटतात. ओळख सांगायची असेल तर ‘वी हॅव नॉट बीन फॉर्मली इंट्रोड्यूस्ड’ म्हणतात, कारण ओळख करून देणे ही कृती आहे आणि तिला रीत आहे.

आता एक गोष्ट जी व्याकरणाच्या पुस्तकात सहसा नसते. कागद-तारीख-सही असूनही फॉर्मली नेहमीच लिहायचा नसतो. प्रत्यक्ष घडणे आणि नोंदले जाणे यांत अंतर असेल तेव्हाच त्या शब्दाला वाक्यात काम असते. गोव्याचा इतिहास या दृष्टीने उत्तम सराव आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, इथे ‘गोवा वॉज लिबरेटेड’ पुरे, फॉर्मली नको. घडले ते प्रत्यक्ष जमिनीवर. पण पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार 31 डिसेंबर 1974 रोजी केला, तिथे ‘पोर्तुगाल फॉर्मली रेकग्नाइज्ड इंडियन सॉव्हरेन्टी’ हेच नेमके वाक्य, कारण वस्तुस्थिती तेरा वर्षे जुनी होती आणि नवा होता तो कागद. पणजीचेही तसेच. व्हाइसरॉयचा मुक्काम 1759 मध्ये पणजीला आला, पण ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराला राजधानीचा दर्जा मिळाला 1843 मध्ये. ‘पणजी फॉर्मली बिकेम द कॅपिटल इन 1843’ या वाक्यातला फॉर्मली वाचकाला सुचवतो की कारभार तिथून आधीच चालत होता. आणि 30 मे 1987? ‘गोवा बिकेम अ स्टेट ऑन 30 मे 1987’ इतके साधे लिहावे. त्याआधी काही अनधिकृत राज्य अस्तित्वात नव्हते, त्यामुळे फॉर्मली तिथे नुसता भार होतो.

वाक्यात जागा

मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी, म्हणजे वाक्याच्या शेवटाकडे बसते: ‘समितीने अहवाल रीतसर स्वीकारला.’ ही सवय इंग्रजीत नेली की दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक, क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये शब्द टाकणे: ‘द कमिटी अक्सेप्टेड फॉर्मली द रिपोर्ट’. हे चूक. दोन, लांबलचक वाक्य संपवून शेवटी आठवण झाल्यासारखे फॉर्मली जोडणे: ‘द बिल्डिंग वॉज हँडेड ओव्हर टू द पंचायत ऑन मंडे फॉर्मली’. हे समजते, पण ढिले वाटते.

रीतसर या अर्थाने त्याची जागा ठरलेली आहे. साधे क्रियापद असेल तर त्याच्या लगेच आधी: ‘द कमिटी फॉर्मली अक्सेप्टेड द रिपोर्ट’. सहायक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: ‘हॅज फॉर्मली रिक्वेस्टेड’, ‘वॉज फॉर्मली ओपन्ड’. दोन सहायक असतील तर मुख्य क्रियापदाला चिकटून: ‘हॅज बीन फॉर्मली हँडेड ओव्हर’. ‘टू फॉर्मली अनाउन्स’ अशी रचना जुने शिक्षक लाल शाईने खोडतात. आजच्या छापील इंग्रजीत ती सर्रास दिसते आणि वाचायलाही सहज आहे. परीक्षेत मात्र वाद नको म्हणून ‘टू मेक अ फॉर्मल अनाउन्समेंट’ लिहावे.

जागा बदलली की अर्थही हलतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. ‘शी फॉर्मली थँक्ड द गेस्ट्स’ म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतले आभारप्रदर्शन तिने पार पाडले. ‘शी थँक्ड द गेस्ट्स फॉर्मली’ म्हणजे तिने आभार मानले, पण अंतर राखून, जरा ताठरपणे. पहिल्यात क्रियेची नोंद आहे, दुसऱ्यात बोलण्याची तऱ्हा. निवेदकाच्या कौतुकात चुकून दुसरे वाक्य लिहिले तर ते कौतुक राहत नाही.

अर्ज आणि तक्रार

रजेच्या अर्जात ‘आय फॉर्मली रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’ असे लिहिणारे बरेच असतात, अदब दाखवायची म्हणून. परिणाम उलटा होतो. फॉर्मली रिक्वेस्ट म्हणजे ‘मी ही मागणी नोंदवून ठेवत आहे, पुढे प्रश्न आला तर हा कागद दाखवीन’. तोंडी विनंती नाकारली गेल्यानंतर, वाद उभा राहिल्यावर वापरायची ही भाषा. तीन दिवसांच्या रजेसाठी ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह फ्रॉम… टू…’ इतकेच लिहा. अदब शब्दाच्या वजनात नसते, ती संबोधनात आणि नेमकेपणात असते.

जिथे हा सूर हवाच असतो ती जागा म्हणजे तक्रार. सांडपाणी रस्त्यावर येते, फोन केला, कोणी आले नाही. आता लेखी द्यायचे. इथे क्रियाविशेषणापेक्षा विशेषण जास्त रुळलेले आहे: ‘आय विश टू लॉज अ फॉर्मल कम्प्लेंट’. ‘आय फॉर्मली कम्प्लेन’ व्याकरणाने चालते, पण क्वचितच कोणी लिहितो. राजीनाम्याचेही तसेच, ‘प्लीज अक्सेप्ट धिस लेटर अॅज फॉर्मल नोटिस ऑफ माय रेझिग्नेशन’ हे प्रचलित आहे, ‘आय हिअरबाय फॉर्मली रिझाइन’ मध्ये एकाच वाक्यात दोनदा ठणकावल्यासारखे होते. ‘हिअरबाय’ आले की फॉर्मली गाळा. एकाचे काम दुसरा करतोच.

तक्रारीत तोंडी आणि लेखी असे दोन टप्पे वेगळे दाखवायचे असतील तर मात्र शब्द कामाला येतो: ‘आय इन्फॉर्म्ड द ऑफिस बाय फोन इन द फर्स्ट वीक ऑफ जून अँड फॉर्मली रिपोर्टेड द मॅटर इन रायटिंग ऑन 12 जून’. या दुसऱ्या तारखेच्या पुढे कार्यालयाने दिलेला आवक क्रमांक लिहावा. तो नसेल तर फॉर्मली म्हणण्याला आधार राहत नाही, कारण कागद पोहोचल्याची खूण तीच. तक्रार टपालाने पाठवली असेल तर पोचपावतीची तारीख द्या.

आणि हेही सांगायला हवे: 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद त्यात आहे. ज्यांना इंग्रजीत हात आखडतो त्यांनी पंचायतीला अर्ज मराठीत द्यावा. ‘याद्वारे रीतसर तक्रार नोंदवत आहे’ या वाक्याला इंग्रजीपेक्षा कमी धार नाही.

शेजारचे शब्द: ऑफिशियली, लीगली

फॉर्मली आणि ऑफिशियली पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, पण भर वेगळा आहे. ऑफिशियलीत कोण बोलले यावर भर असतो, फॉर्मलीत कसे केले यावर. मंत्र्यांनी पत्रकारांशी बोलताना दुजोरा दिला तर ते ‘ऑफिशियली कन्फर्म्ड’. राजपत्रात अधिसूचना आली की ते ‘फॉर्मली नोटिफाइड’. पहिल्यानंतर दुसरे यायला महिने लागतात, आणि गोव्यात जमिनीच्या वापराबाबतच्या बातम्यांमध्ये हे दोन टप्पे एक करून टाकणे म्हणजे वाचकांची दिशाभूल.

लीगलीचा प्रश्न लग्नाच्या बाबतीत हमखास उभा राहतो. गोव्यातली नागरी नोंदणीची पद्धत माहीत असलेल्याला हे पटकन कळेल. निबंधकासमोर पहिली सही म्हणजे लग्नाचा इरादा नोंदवणे. मग हरकतींसाठी मुदत, आणि दुसरी सही झाली की विवाहाची नोंद. पहिल्या सहीनंतर व्हिसाच्या अर्जात ‘फॉर्मली मॅरिड’ लिहिले तर दोन चुका होतात. वस्तुस्थिती चुकते, कारण विवाह अजून नोंदला गेलेला नाही. आणि शब्दही चुकतो, कारण विवाहित असण्याचा दर्जा कायद्याने मिळतो, त्याला ‘लीगली मॅरिड’ म्हणतात. फॉर्मली वापरायचाच असेल तर नोंदणीच्या क्रियेला लावा: ‘द मॅरेज वॉज फॉर्मली रजिस्टर्ड ऑन…’ आणि तारीख दुसऱ्या सहीची.

बातमीतले ‘चार्ज्ड’ आणि ‘अरेस्टेड’

परदेशी वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातमीत ‘फॉर्मली चार्ज्ड’ आले की मराठीत ‘आरोप केला’ असा अनुवाद होतो. तो अपुरा आहे. आरोप कोणीही कोणावरही करतो. ब्रिटन-अमेरिकेत ‘फॉर्मली चार्ज्ड’ म्हणजे पोलिसांनी किंवा सरकारी अभियोक्त्याने ठराविक गुन्ह्याचा ठपका लेखी ठेवला आणि प्रकरण न्यायालयाकडे निघाले. त्याचा अनुवाद करताना ‘गुन्ह्याचा रीतसर ठपका ठेवला’ किंवा ‘अधिकृतपणे आरोपी केले’ असे लिहावे.

उलट दिशेने, म्हणजे गोव्यातली बातमी इंग्रजीत लिहिताना, आपल्याकडचे टप्पे वेगळे आहेत हे विसरू नये. एफआयआर नोंदली गेली म्हणजे माणूस ‘फॉर्मली चार्ज्ड’ होत नाही. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले, तरीही न्यायालयाने आरोप निश्चित करणे बाकी असते. शंका असेल तर टप्प्याचे नाव घ्या: ‘एफआयआर वॉज रजिस्टर्ड’, ‘पोलीस फाइल्ड द चार्जशीट’, ‘द कोर्ट फ्रेम्ड चार्जेस’. तिन्ही वाक्यांत फॉर्मलीची गरज पडत नाही.

अटकेबाबत मात्र तो उपयोगी आहे. चौकशीसाठी ठाण्यावर बोलावले, रात्रभर बसवून ठेवले, सकाळी अटक दाखवली. ‘ही वॉज डिटेन्ड ऑन मंडे नाइट अँड फॉर्मली अरेस्टेड ऑन ट्यूसडे मॉर्निंग’. मराठी बातमीत आपण ‘ताब्यात घेतले’ आणि ‘रीतसर अटक केली’ असे लिहितो तोच हा फरक. दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची चोवीस तासांची मुदत कधीपासून मोजायची, हा वाद याच अंतरावरून होतो. म्हणून दोन्ही वेळा द्याव्यात.

फॉर्मर्लीशी होणारी गफलत

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. फॉर्मर्ली म्हणजे पूर्वी, एके काळी. फॉर्मली म्हणजे रीतसर. दोन शब्दांचे कूळही वेगळे. फॉर्मलीच्या मुळाशी आकार किंवा साचा या अर्थाचा लॅटिन ‘फोर्मा’ आहे. फॉर्मर्लीतला ‘फॉर्मर’ हा ‘पहिला’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. उच्चारात मात्र ब्रिटिश बोलणारे ‘र’ गिळतात आणि दोन्ही शब्द एकसारखेच ऐकू येतात. आपण ‘र’ स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे बोलताना घोळ कमी होतो, पण परदेशी वक्त्याचे भाषण ऐकून टिपणे काढताना किंवा मोबाइलला तोंडी मजकूर सांगताना चुकीचा शब्द उमटू शकतो. स्पेलिंग तपासणारी सोय तो पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

स्पेलिंग असे धरावे. ‘फॉर्मल’ हा शब्द एफ-ओ-आर-एम-ए-एल, त्याला एल-वाय जोडले की दोन एल येतात: एफ-ओ-आर-एम-ए-एल-एल-वाय. एकच एल लिहिणे ही सर्वांत सामान्य चूक. ‘फॉर्मर’ संपतो ई-आर ने, म्हणून एफ-ओ-आर-एम-ई-आर-एल-वाय, एल एकच. लिहिल्यावर मधले अक्षर बघा: ए दिसला तर रीतसर, ई दिसला तर पूर्वी.

नुकसान कुठे होते ते प्रतिज्ञापत्रात दिसते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीने ‘सुनीता नाईक, फॉर्मर्ली नोन अॅज सुनीता गांवकर’ असे लिहायला हवे, म्हणजे पूर्वाश्रमीची सुनीता गांवकर. टंकलेखकाने ‘फॉर्मली नोन अॅज’ केले तर अर्थ नेमका उलटतो: तिचे अधिकृत नाव आजही गांवकरच आहे असा तो कागद बोलू लागतो. मामलेदार कचेरीत किंवा नोटरीकडे सही करण्याआधी ही एक ओळ बोट ठेवून वाचा. कागद पारपत्र कार्यालयात गेल्यावर दुरुस्ती करायची तर नवे प्रतिज्ञापत्र, नवा मुद्रांक, पुन्हा फेरा.

संस्थांच्या जुन्या नावांबाबतही हेच. ‘इन्स्टिट्यूट मेनेझिस ब्रागांझा, फॉर्मर्ली इन्स्टिट्यूटो वास्को द गामा’ हे बरोबर. आणि एकाच वाक्यात दोन्ही शब्द बरोबर येऊ शकतात: ‘द सोसायटी, फॉर्मर्ली रन फ्रॉम अ टेम्पल हॉल, वॉज फॉर्मली रजिस्टर्ड लास्ट यिअर’. पूर्वी देवळाच्या सभागृहातून चालणारी संस्था गेल्या वर्षी रीतसर नोंदली गेली. सरावासाठी अशी दोन-तीन वाक्ये स्वतः रचून पाहावीत. नियम पाठ करण्यापेक्षा त्यातून जास्त पक्के होते.

लिखाण पूर्ण झाल्यावर शोधाच्या चौकटीत एफ-ओ-आर-एम ही चार अक्षरे टाका आणि सापडलेला प्रत्येक शब्द तपासा. ‘परफॉर्म’, ‘इन्फॉर्म’ही मध्ये येतील, त्यांना सोडून द्या. दोन पानांच्या कागदाला एक मिनिटही लागत नाही.

बोलणे, पत्र, पोशाख

दुसरा मोठा अर्थ तऱ्हेचा. इथे कागद-तारीख-सही चाचणी लागू होत नाही. फॉर्मली बोलणे म्हणजे अंतर आणि मान राखून बोलणे, आपल्याकडे ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणतो त्या पट्टीतले. इंग्रजीत सर्वनाम एकच असल्याने तो मान संबोधनातून आणि शब्दांच्या निवडीतून दाखवावा लागतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या मुलामुलींना ‘अॅड्रेस द गेस्ट फॉर्मली’ असे शिकवतात, त्याचा अर्थ मिस्टर किंवा मिस यांच्यापुढे आडनाव. ‘मिस्टर रमेश’ चूक, ‘मिस्टर नाईक’ बरोबर. आपल्याकडे ‘रमेशराव’ मानाचे आहे म्हणून ही चूक होते.

पत्रात नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर नाईक’ आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. ही ब्रिटिश रीत आहे आणि आपल्या कचेऱ्यांत तीच चालते. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ अशी जोडरूपे सोडवून ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ लिहावीत. ‘गेट’च्या जागी ‘रिसीव्ह’, ‘आस्क फॉर’च्या जागी ‘रिक्वेस्ट’, ‘पुट ऑफ’च्या जागी ‘पोस्टपोन’. एवढे केले की पत्र पुरेसे फॉर्मली लिहिले जाते. ‘आय बेग टू स्टेट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ यांची गरज नाही. पहिले आज कोणी बोलत नाही, आणि दुसऱ्यातून समोरच्याने नक्की काय करायचे ते कळत नाही. काम सांगा: दाखला द्या, दुरुस्ती करा, तारीख कळवा.

या अर्थात शब्द क्रियापदाच्या नंतर येतो: ‘स्पीक फॉर्मली’, ‘राइट फॉर्मली’, ‘ड्रेस फॉर्मली’. पण ‘लुक’, ‘साउंड’, ‘बी’ या क्रियापदांनंतर विशेषण लागते. ‘हिज लेटर साउंड्स फॉर्मली’ चूक, ‘साउंड्स फॉर्मल’ बरोबर. ‘द लेटर इज फॉर्मली’ असे वाक्यही विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसते, ते ‘द लेटर इज फॉर्मल’ किंवा ‘द लेटर इज फॉर्मली वर्डेड’ असे हवे.

पोशाखाबाबत थोडक्यात. मुलाखतीच्या पत्रात ‘ड्रेस फॉर्मली’ असेल तर आपल्याकडे इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, बंद बूट, किंवा साडी अथवा साधा सलवार-कुर्ता एवढे अपेक्षित असते. तेच शब्द लग्नाच्या किंवा मेजवानीच्या निमंत्रणावर असले तर सूट किंवा भारी साडी. परदेशी निमंत्रणात त्याहूनही ठराविक पोशाख अपेक्षित असू शकतो, तेव्हा विचारून घ्यावे. ‘फॉर्मल्स घालून या’ हे आपल्या बोलण्यात ठीक, लेखी सूचनेत ‘ड्रेस फॉर्मली’ लिहावे.

शिकलेला, नावापुरता, चिन्हांपुरता

‘फॉर्मली ट्रेन्ड’ म्हणजे संस्थेत किंवा गुरूकडे क्रमाने, ठरलेल्या अभ्यासक्रमातून शिकलेला. भजनी मंडळात वर्षानुवर्षे पेटीची साथ करणाऱ्या माणसाविषयी ‘ही इज नॉट फॉर्मली ट्रेन्ड’ असे लिहिता येते. त्याचा अर्थ त्याला येत नाही असा होत नाही, ऐकून-पाहून शिकला इतकाच होतो. मान राखायचा असेल तर ‘सेल्फ-टॉट’ लिहिणे बरे. ‘नॉट फॉर्मली एज्युकेटेड’ मात्र जपून वापरा, वाचणारा त्याचा अर्थ ‘शाळेत न गेलेला’ असा घेतो.

कधी कधी फॉर्मली ‘कागदोपत्री’ या अर्थाने येतो आणि तिथे पुढे ‘पण’ लपलेला असतो. ‘ही इज फॉर्मली द चेअरमन’ म्हणजे नावाला अध्यक्ष तोच, निर्णय दुसरेच कोणी घेते. कोणाविषयी हे लिहिताना तुम्हाला तसेच म्हणायचे आहे ना, ते आधी ठरवा. नुसते पद सांगायचे असेल तर ‘ही इज द चेअरमन’ लिहा. या अर्थाचा अनुवाद ‘कागदोपत्री’ किंवा ‘नावापुरता’ असा करावा, ‘रीतसर’ केला तर लेखकाचा रोख हरवतो.

गणित आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना या शब्दाची आणखी एक, जरा फसवी, बाजू भेटते. तर्कशास्त्रात ‘फॉर्मली प्रूव्ह्ड’ म्हणजे ठरलेल्या चिन्हभाषेत, ठरलेल्या नियमांनी, एकही पायरी न गाळता सिद्ध केलेले. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांच्या 1931 च्या प्रसिद्ध निबंधाच्या इंग्रजी शीर्षकातला ‘फॉर्मली अनडिसायडेबल’ याच अर्थाचा आहे: दिलेल्या चिन्हव्यवस्थेच्या नियमांनी जे सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ‘फॉर्मली व्हेरिफाइड’ सॉफ्टवेअर म्हणजे चाचण्या घेऊन तपासलेले नव्हे, तर दिलेल्या विनिर्देशाप्रमाणेच, म्हणजे त्याने काय करावे याच्या लेखी वर्णनाप्रमाणेच, चालते हे गणिताने सिद्ध केलेले. इथे फॉर्मली म्हणजे सर्वांत काटेकोर.

पण कलनशास्त्राच्या पुस्तकात ‘डिफरन्शिएटिंग द सीरीज फॉर्मली, टर्म बाय टर्म’ असे वाचाल तेव्हा अर्थ जवळजवळ उलटा असतो. अनंत श्रेणीच्या प्रत्येक पदाचे विकलन चिन्हांच्या नियमाने केले, ती श्रेणी अभिसारी आहे की नाही, म्हणजे तिची बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते की नाही, असे करणे योग्य आहे की नाही, हे अजून पाहिलेले नाही, असे लेखक कबूल करत असतो. अशा ओळीनंतर मिळालेले उत्तर तात्पुरते धरायचे आणि पुढच्या पानावर अभिसरणाची सिद्धता येते का ते शोधायचे. ती आलीच नाही तर उत्तरपत्रिकेत ती आपण द्यायची. मराठीत टिपण काढताना इथे ‘औपचारिकपणे’ लिहून भागत नाही, ‘फक्त चिन्हांच्या पातळीवर’ असे लिहावे.